वल्ह्यांची तवारीख

२०१९ चा ऑगस्ट महिना आम्ही मिरजकर विसरणार नाही. कृष्णा आणि वारणा यांनी नदीकाठची गावेच्या गावे पोटात घेतली होती. शाळांच्या वर्गांत बाके भिंतीला लावून पूरग्रस्तांसाठी सतरंज्या टाकल्या होत्या. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसांना बाहेर काढणारी होडी उलटली. आयाबाया, लेकरे पाण्यात गेली. १२ तारखेची बकरी ईद कधी आली आणि कधी गेली, कळलेही नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीस आम्ही चार शिक्षक केरळात होड्यांची शर्यत पाहायला निघालो. बेत जुना होता. आलप्पुळा येथील नेहरू करंडकाची शर्यत तेव्हा ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी होत असे आणि आम्ही १० ऑगस्टच्या हिशेबाने तिकिटे काढली होती. पण त्याच आठवड्यात केरळातही पूर आला, डोंगर कोसळले आणि शर्यत ३१ ऑगस्टवर गेली. जावे की नाही, यावर आम्ही दोन दिवस घोळ घातला. मोहल्ल्यातले एक बुजुर्ग, ज्यांना सगळेच चाचा म्हणतात, ते तर स्पष्टच बोलले, "पानी में इत्ते लोगां गए, और तुम नावां की शर्यत देखने को जारे? वो बी देवल की शर्यत. अपना क्या वास्ता उससे?"

चाचांच्या बोलण्यात दोन सवाल होते. दुःखाच्या दिवसांत खेळ कशाला, हा एक. आणि देवळाच्या खेळाशी मुसलमानाचे नाते काय, हा दुसरा. आम्ही इतिहास शिकवणारे. पण त्या दिवशी आमच्याजवळ एकाही सवालाचा जवाब नव्हता. जवाब शोधायला म्हणूनच आम्ही निघालो, असे म्हटले तरी चालेल.

बंगळूरमार्गे एर्नाकुलम आणि तेथून आलप्पुळा. इंग्रजांचे अलेप्पी ते हेच. १७६२ मध्ये त्रावणकोर संस्थानाने येथे बंदर उघडले आणि दूरदूरच्या व्यापाऱ्यांना बोलावले. गुजराती आले, कच्छी मेमन आले आणि येथलेच झाले. आम्ही पोहोचलो तो शुक्रवार होता. जुम्म्याची नमाज पढून बाहेर आलो, तर मशिदीच्या पायऱ्यांवर चर्चा एकच : उद्या कोण जिंकणार? एका गृहस्थांनी मोडक्यातोडक्या हिंदीत आम्हांला सात-आठ होड्यांची नावे, त्यांची गावे आणि त्यांचे जुने पराक्रम असे ऐकवले, जसे आमच्याकडे कुस्तीचे शौकीन पैलवानांचे ऐकवतात. चाचांचा दुसरा सवाल येथे कोणाला पडलेलाच दिसला नाही. पण न पडलेला सवाल म्हणजे जवाब नव्हे, म्हणून आम्ही मागे मागे जात राहिलो.

या खेळाचे मल्याळी नाव वळ्ळम् कळी. वळ्ळम् म्हणजे होडी, कळी म्हणजे खेळ. मराठीत हे नाव सहज लिहिता येते. उर्दूत लिहायला बसलो तर अडचण, कारण ळ साठी आमच्या लिपीत अक्षरच नाही! शर्यतीतली सर्वांत मोठी होडी ती चुंडन वळ्ळम्. चुंड म्हणजे चोच. पुढचे टोक चोचीसारखे निमुळते म्हणून चुंडन. इंग्रजीने तिचा मागचा उंच भाग पाहिला, त्यात नागाचा फणा दिसला आणि तिला सापाची होडी करून टाकले. लांबी शंभर फुटांपासून सव्वाशे-एकशेतीस फुटांपर्यंत. मागचे टोक पाण्यापासून सुमारे वीस फूट उंच. लाकूड आंजिली नावाच्या झाडाचे, जे आपल्या फणसाचे रानटी भावंड आहे. जुन्या पद्धतीत होडीच्या अंगाला माशाचे तेल, नारळाच्या करवंटीचा कोळसा आणि अंडी यांचे मिश्रण चोळतात; लाकूड टिकते आणि होडी पाण्यावरून घसरत जाते. रिवाजाप्रमाणे चार सुकाणूवाले, पंचवीस गाणारे आणि शंभर ते सव्वाशे वल्हेकरी असा तिचा संसार. वल्हे होडीला बांधलेले नसते. प्रत्येकाच्या हातात आखूड, सुटे वल्हे. दोन-दोन माणसांच्या रांगा आणि मधोमध फळीवर लाकडी दांडक्यांनी ठोके देणारे. ठोका चुकला की वल्हे वल्ह्याला अडते आणि शंभर जणांची मेहनत पाण्यात जाते.

एवढी लांब आणि अरुंद होडी कोणी कशासाठी बांधील? माल वाहायला ती निरुपयोगी, मासेमारीला त्याहून निरुपयोगी. या प्रश्नातच तिचा इतिहास आहे. ती लढाईसाठी बांधलेली होती.

आलप्पुळाच्या मागे कुट्टनाड नावाचा मुलूख आहे. पंपा, मणिमला, अच्चनकोविल, मीनच्चिल या नद्या येथे येऊन वेंबनाड सरोवराला मिळतात. बरीचशी भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली, बांध घालून केलेली. येथे पूर्वी घोडा कामाचा नव्हता आणि बैलगाडीही. राजाला शेजाऱ्यावर चाल करायची तर कालव्यांतून, उथळ पाण्यातून जावे लागे. अंबलप्पुळा येथे गादी असलेले चेंबकश्शेरीचे राजे आणि दक्षिणेचे कायंकुळमचे राजे यांच्यात वैर होते. एका झुंजीत हार खाल्ल्यावर चेंबकश्शेरीच्या राजाने सुतारांना बोलावून नवी जंगी होडी मागितली आणि त्यातून चुंडन जन्माला आली, असे परंपरा सांगते. कथेचा तपशील बाजूला ठेवला तरी होडीचा घाटच साक्ष देतो. अरुंद होडीला पाणी कमी अडवते, लांब होडीत हात जास्त मावतात, शिडाचे काम नसल्याने वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. आणि उंच टोकावरून सुकाणूवाल्याला दूरचा शत्रू दिसतो.

१७४६ मध्ये त्रावणकोरच्या मार्तंड वर्मा यांनी चेंबकश्शेरी आणि कायंकुळम ही दोन्ही राज्ये घेतली. लढणारे राजे संपले, लढाया संपल्या. पण होड्या, त्या बांधणारे सुतार आणि त्या वल्हवणारे हात शिल्लक होते. हत्यार गंजू द्यायचे की त्याचा खेळ करायचा, हा सवाल अशा वेळी समाजापुढे येतो. मिरजकरांना हे वेगळे सांगायला नको. आमच्या गावचे शिकलगार एकेकाळी तलवारींना धार लावत. राज्ये गेली, तलवारींचा जमाना गेला, तेव्हा १९ व्या शतकात फरीदसाहेब शिकलगार यांच्या घराण्याने तेच हात सतारी आणि तंबोरे बनवण्याकडे वळवले. आज मिरजेचे नाव हिंदुस्थानभर आहे ते सतारीमुळे. आलप्पुळात चुंडनच्या लाकडावर हात ठेवला, तेव्हा आम्हांला सतारमेकर गल्ली आठवली.

अर्थात खेळाची परंपरा मार्तंड वर्मांच्याही आधीची आहे आणि तिचा उगम देवळाशी जोडलेला आहे, हे चाचांचे म्हणणे खोटे नाही. चंपक्कुळमची शर्यत सर्वांत जुन्यांपैकी मानतात. ती जून-जुलैत, मिथुनम् महिन्यातल्या मूळ नक्षत्रावर होते. कथा अशी की, अंबलप्पुळाच्या देवळासाठी कृष्णाची मूर्ती कुरिच्चीहून पाण्याच्या वाटेने आणली जात होती. परंपरा साल १५४५ देते. वाटेत रात्र झाली, तेव्हा राजाच्या माणसांनी मूर्ती एका घरी मुक्कामाला ठेवली. ते घर होते माप्पिळश्शेरी इट्टी तोम्मन यांचे, म्हणजे एका ख्रिस्ती माणसाचे. दुसऱ्या दिवशी गावोगावच्या सजवलेल्या होड्यांनी मूर्तीची मिरवणूक नेली आणि त्या मिरवणुकीची आठवण म्हणजे ही शर्यत.

त्या घराच्या नावातला माप्पिळा हा शब्द ऐकून आम्ही चमकलो. माप्पिळा म्हणजे मलबारचा मुसलमान, एवढेच आम्हांला ठाऊक होते. खरे पाहता हा जुना मानाचा शब्द आहे. तमिळमध्ये त्याचा अर्थ जावई. समुद्रापलीकडून आलेल्या, येथे सोयरीक करून राहिलेल्या माणसांना मलबारने हे नाव दिले, असे अभ्यासक सांगतात. म्हणून ख्रिस्ती ते नसराणी माप्पिळा, यहुदी ते जूद माप्पिळा आणि मुसलमान ते जोनक माप्पिळा. तीन धर्मांना एकच नाव, आणि तेही जावयाचे! जावयाने सासुरवाडीच्या जत्रेत पाहुण्यासारखे उभे राहावे की खांदा द्यावा, ते त्यानेच ठरवायचे.

पण सगळेच सरसकट गोड करून सांगणे इतिहासाच्या शिक्षकाला शोभत नाही. पंपेच्या काठी आरन्मुळा येथे उत्तृट्टाती नक्षत्राला जी नौकांची मिरवणूक निघते, ती आजही पार्थसारथीची सेवा आहे. तेथल्या होड्यांना पळ्ळियोडम् म्हणतात, त्यांना देवाच्या वस्तूसारखे जपतात. तेथे आपण अदबीने काठावर उभे राहावे, आपले-परके करू नये. आमचा मुद्दा एवढाच की, देवाच्या मिरवणुकीत आणि गावाच्या शर्यतीत जो फरक आहे तो केरळच्या माणसाला कळतो, आणि दोन्हींची इज्जत त्याला करता येते.

मग या पाण्यावर मुसलमान कोठे होता? १४ व्या शतकात इब्न बतूता कालिकतहून कोल्लमला याच आतल्या जलमार्गाने गेला. चीनकडे जाणारी जहाजे वादळात गमावून तो खिन्न झाला होता. सफरनाम्यात तो सांगतो की हा प्रवास दहा दिवसांचा होता आणि आपला गालिचा उचलायला त्याने एक मुसलमान हमाल ठेवला होता. तो हमाल रात्री काठावर उतरून इतरांबरोबर दारू पीत बसे आणि मग काझीसाहेबांना उपद्रव देई! काझीसाहेब चिडले, पण आम्हांला त्या तक्रारीतून सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचा एक साधा गरीब माणूस दिसतो, जो या पाण्यावर पोट भरत होता.

खाऱ्या पाण्यावर तर मुसलमानांचे नाव मोठे होते. १६ व्या शतकात कालिकतच्या सामुतिरी राजाने कुंजाली मरक्कार या दर्यावर्दी घराण्याला आपल्या आरमाराची सरदारी दिली. पोर्तुगीजांची गलबते उंच, तोफांनी भरलेली. मरक्कारांच्या नौका लहान, हलक्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या. वारा पडला की गलबत जागीच खिळे. मग या नौका खाडीच्या तोंडातून निघत, घाव घालत आणि गलबताला शिरता येणार नाही अशा उथळ पाण्यात परत जात. त्या नौका वेगळ्या, चुंडन वेगळी, समुद्र वेगळा आणि कायल वेगळी. पण युक्ती एकच : पुष्कळ हात, एक ठोका, उथळ पाणी.

या झुंजीची तवारीख पोन्नानीचे शेख झैनुद्दीन मखदूम यांनी अरबीत लिहिली, ती 'तुहफतुल मुजाहिदीन'. ग्रंथ त्यांनी अर्पण केला विजापूरच्या अली आदिलशहाला. मिरज तेव्हा आदिलशाहीतच होती! आणि हे अर्पण नुसते कागदावरचे नव्हते. १५७०-७१ मध्ये आदिलशहाने गोव्याला, अहमदनगरच्या निजामशहाने चौलला वेढा घातला आणि सामुतिरीने चालियमचा पोर्तुगीज किल्ला घेतला. चौलच्या वेढ्यात मलबारी नौका मदतीला आल्या होत्या. म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खाडीने मलबारची वल्ही पाहिलेली आहेत. आमच्या कोकणातले नाखवा आणि खलाशी हे शब्दही फारसी-अरबी बंदरांतून आलेले. बेपूरला जहाजे बांधणाऱ्या, ओढणाऱ्या माप्पिळांनाही खलासीच म्हणतात.

शेवट मात्र कडू झाला. चौथ्या कुंजालीचे आणि सामुतिरीचे बिनसले. राजाने चक्क पोर्तुगीजांशी हातमिळवणी करून सरदाराच्या किल्ल्याला वेढा दिला. १६०० मध्ये कुंजाली राजाला शरण आला. पोर्तुगीजांनी त्याला गोव्याला नेले आणि त्याचे शिर उडवले. मैत्री आणि दगा दोन्ही याच किनाऱ्यावर घडले. एकाच गोष्टीची आठवण ठेवणारा अर्धाच इतिहास शिकवतो.

आता शर्यतीकडे येऊ. २२ डिसेंबर १९५२ रोजी पंडित नेहरू कोट्टयमहून पाण्याच्या वाटेने आलप्पुळाला आले. त्यांच्या सन्मानासाठी चुंडन होड्यांची शर्यत लावली होती. नडुभागम् ही होडी पहिली आली आणि पंडितजींनी सुरक्षेचा विचार न करता तिच्यात उडी मारली! दिल्लीला गेल्यावर त्यांनी चांदीचा होडीच्या आकाराचा करंडक पाठवला. त्यावर ही शर्यत म्हणजे त्रावणकोर-कोचीनच्या सामाजिक जीवनाचे वैशिष्ट्य आहे, अशा आशयाचे शब्द कोरले आहेत. पंडितजींनी तिला समाजाची शर्यत म्हटले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

३१ ऑगस्ट २०१९ ला पुन्नमडा कायलीच्या दोन्ही काठांवर माणसांना उभे राहायला जागा नव्हती. प्रमुख पाहुणे आपले सचिन तेंडुलकर. 'आर्प्पो!' अशी एक आरोळी उठे आणि हजारो गळे 'इर्रो!' म्हणून जवाब देत. बायकांच्या होड्याही उतरल्या होत्या. एकसारखी वस्त्रे, एकसारखी वल्ही. मग चुंडन आल्या. लांबून पाहताना होडी दिसतच नाही. पाण्यावर माणसांची एक काळी रेघ दिसते आणि तिच्या दोन्ही अंगांना पांढरा फेस. सारा खेळ साडेचार-पाच मिनिटांचा. महिनाभराचा सराव, गावाची वर्गणी, सुट्ट्या आणि उपासतापास त्या पाच मिनिटांत ओतायचे. त्या दिवशी पहिली आली ती नडुभागम्, पंडितजींनी उडी मारली होती तीच! सदुसष्ट वर्षांनी करंडक तिच्याकडे परतला. आमच्या शेजारी उभा असलेला एक म्हातारा रडत होता आणि त्याचा नातू मोबाईलवर त्याचे रडणे टिपत होता.

दुसरे दिवशी त्याच पाण्याच्या काठाने हिंडताना चाचांच्या पहिल्या सवालाचा जवाब मिळाला. घरांच्या भिंतींवर आदल्या वर्षीच्या, २०१८ च्या महापुराची रेघ अजून होती. त्या वर्षीही शर्यत पुढे गेली होती, थेट १० नोव्हेंबरला. कुट्टनाड जवळजवळ रिकामा झाला होता. आणि लोकांना बाहेर काढायला सर्वांत आधी धावून आले होते मच्छीमार. चार हजारांहून जास्त मच्छीमार स्वतःच्या होड्या मालट्रकांवर लादून समुद्रकाठाहून आतल्या गावांत शिरले. त्यांत ख्रिस्ती होते, हिंदू होते, मुसलमान होते. मलप्पुरम् जिल्ह्यातल्या तानूरचा एक मुसलमान तरुण पाण्यात ओणवा झाला आणि त्याच्या पाठीवर पाय देऊन बायका होडीत चढल्या, हे चित्र सगळ्या देशाने पाहिले. २२ ऑगस्टला बकरी ईद होती. त्रिशूर जिल्ह्यात माळ गावाजवळ मशीद पाण्याखाली होती, तेव्हा एरवत्तूरच्या रत्नेश्वरी देवळाने आपला हॉल उघडला आणि ईदची नमाज तेथे झाली.

देवळाच्या शर्यतीशी आपला काय वास्ता, याचा जवाब आम्हांला त्या देवळाच्या हॉलमध्ये सापडतो. ज्या मुलखात माणसे शतकानुशतके एकमेकांच्या शेजारी बसून एका ठोक्यावर वल्हे मारत आली, तेथे संकटाच्या दिवशी दार उघडायला कोणाला व्याख्यान द्यावे लागत नाही. हात सवयीने पुढे येतो. आणि खेळाला मातमही कळतो. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे शर्यत झाली नाही. २०२४ मध्ये वायनाडचे डोंगर कोसळले, तेव्हा ती २८ सप्टेंबरपर्यंत थांबली. त्या दिवशी कारिचाल ही होडी वीयपुरम् या होडीच्या पुढे आली, ती सेकंदाच्या दोनशेव्या भागाने!

मिरजेला परतल्यावर आम्ही चाचांना हे सारे सांगितले. कुंजालीची गोष्ट ऐकून ते हळहळले, तानूरच्या तरुणाची ऐकून "सुब्हानल्लाह" म्हणाले. मग बराच वेळ गप्प राहिले आणि बोलले, "हमारे बचपन में हर घाट पे नाव थी. पूल हुए, नावां गई. नाव चलाने वाले बी गए."

यापुढे आमच्याजवळ बोलण्यासारखे काही उरले नाही. ब्रह्मनाळची होडी आमच्या सगळ्यांच्या मनात होती. केरळात होडी खेळ म्हणून जिवंत राहिली, म्हणून गरजेच्या वेळी हात तयार होते. आपल्याकडे ती घाटावरून गेली आणि तिच्याबरोबर पाण्याची ओळखही गेली. तरी सगळे संपलेले नाही. सांगलीच्या कृष्णेत पावसाळ्यात अजून होड्यांच्या शर्यती होतात, नदीकाठची गावे ईर्षेने उतरतात, आयर्विन पुलावर गर्दी होते. कोरोनाची वर्षे सरल्यावर एका पावसाळ्यात आम्ही आमच्या वर्गाला तेथे घेऊन गेलो. मुले कठड्याला लागून उभी होती. होड्या पुलाखालून गेल्या, तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, यह किस की नाव है? अपनी है क्या?"

आम्ही तिला म्हटले, "वल्हे मारायला शिकलीस, तर तुझी."